वन्सं, तुमचा आलेख झाकू देणार नाही

वन्सं, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाकी सगळ्यांनी वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात याचं भानही कुणाला राहिलं नाही, कारण घोषणाच तशी झाली. आपल्या दौंडच्या विहारात त्रिसरण-पंचशील झालं, तुमच्या फोटोला फुलं वाहून झाली, भाषणं झाली. तुम्ही कशा शिस्तीच्या, कशा वेळेच्या पक्क्या, सगळं झालं. आणि शेवटी तुमच्या खुटबावच्या शाळेचे नवे मुख्याध्यापक माइक हातात घेऊन म्हणाले, "मॅडमच्या स्मरणार्थ शाळेचं अख्खं अंगण पेव्हिंग ब्लॉकनं मढवायचं ठरलं आहे. दाराशी मॅडमच्या नावाची पाटी लागेल."

माझ्या शेजारची बाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अवो आक्का, नणंदेचं नाव लागतंय तुमच्या. वाजवा की टाळ्या."

मी म्हटलं, "ज्याच्यावर ब्लॉक टाकणार, तेच तर त्येंचं नाव हाय."

तिला काही कळलं नाही. तिचं काय चुकलं? तिनं ते अंगण पाहिलेलंच नाही. तुम्ही आणि मी पाहिलंय, दर जूनमध्ये गुडघे टेकून, पदर खोचून रंगवलंय. तुम्हाला ते सांगायची गरज नाही. पण हे चार लोक वाचतील, आणि त्या चार लोकांच्या भरवशावरच मला आता भांडायचं आहे, म्हणून सांगते.

खुटबावच्या हायस्कुलाच्या अंगणात कोबा आहे. त्या कोब्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं आखलेला एक मोठा आलेख आहे. व्हरांड्याच्या कडेनं जाते ती आडवी रेघ वेळेची. तिच्यापासून झेंड्याच्या खांबाकडं जाते ती उभी रेघ स्टेशनांची. खाली कोपऱ्यात दौंड, मग पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, आणि खांबाशी यवत. दोन स्टेशनांत अंतर जास्त असेल तिथं रेघही लांब, तुम्ही त्यात कधी कुणाला सूट दिली नाहीत. नववीचा वर्ग अंगणात यायचा. एक पोर व्हायचं डेमू, म्हणजे स्टेशना-स्टेशनाला थांबणारी आपली लोकल, एक व्हायचं एक्सप्रेस. तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहून टाळी द्यायचात. टाळी वाजली म्हणजे थोडा वेळ गेला. मग सगळ्यांनी एक चौकोन उजवीकडं सरकायचं, आणि तेवढ्या वेळात आपली गाडी जेवढी पळाली तेवढं वरही जायचं. मागून दुसरं पोर वाकून खडूनं रेघ ओढत यायचं.

एक्सप्रेसची रेघ ताठ चढायची. डेमूची आपली अंग टाकून, कलंडत कलंडत. आणि ज्या जागी दोन्ही रेघा भेटायच्या तिथं पोरं एकमेकांवर आदळून खिदळायची. तुम्ही विचारायचात, "कुठं आदळलात?" पोरं म्हणायची, "कडेठाणला." "कधी आदळलात?" पोरं खाली बघून वेळ सांगायची. "मग दोन रेघा छेदतात म्हणजे काय होतं रे?" ते त्यांच्या अंगालाच लागलेलं असायचं. पाठ करायला काही उरायचं नाही.

त्या गावात सुरुवातीला तुम्हाला 'मॅडम' म्हणताना काही लोकांची जीभ अडखळायची, तेही मला ठाऊक आहे. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. पोरं अंगणात नेलीत आणि त्यांच्याकडून आगगाड्या चालवून घेतल्यात. महिन्याभरात आयाबाया कुंपणाशी उभ्या राहून बघायला लागल्या.

हा आलेख जन्मला मात्र आपल्या स्वयंपाकघरात. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. आणि भांडणातून. हे तुम्ही कुठल्याच भाषणात सांगितलं नाहीत म्हणून मी सांगते.

तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, रेल्वेत गार्ड होते, ड्युटीवर गेले होते. मी भाकरी थापत होते आणि तुम्ही पाटावर बसून पेपर तपासत होतात. वयानं तुम्ही माझ्याहून लहान, पण मानानं मोठ्या. मी तुम्हाला 'अहो वन्सं' म्हणायचं आणि तुम्ही मला 'अगं वहिनी', असा आपला कारभार. एकदम तुम्ही कपाळावर हात मारलात. मी विचारलं काय झालं. तुम्ही पेपर माझ्या तोंडापुढं धरलात. गणितात गाडीचा आलेख दिला होता, रेघ तिरकी वर गेलेली. 'गाडीचे काय होत आहे ते सांगा.' आणि निम्म्या वर्गानं लिहिलं होतं, गाडी घाट चढत आहे.

"दौंड ते यवत घाट आहे का गं कुठं?" तुम्ही म्हणालात. "रोज त्याच गाडीनं शाळेत येतात ही पोरं."

मी रेघ बघितली. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं पेपरवाचनातनं आणि तुमच्या शिव्या खाऊन. मी म्हटलं, "बरोबर तर लिहिलंय पोरांनी. रेघ चढतीय की."

"वहिनी, आलेख म्हणजे चित्र नव्हे."

"मग काढता कशाला?"

तुम्ही लाल पेन खाली ठेवलंत.

"न्हाई, चित्र नसंल तर काढता कशाला? आकडेच लिहा की खाली खाली. काढलं म्हंजी डोळा बघणारच. डोळ्याला चढ दिसला तर पोराची काय चूक?"

"तू भाकरी बघ. करपतीय," असं म्हणून तुम्ही पेपर गोळा केलेत. भाकरी करपत नव्हती. पण तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत, म्हणजे माझं म्हणणं कुठंतरी लागलं होतं. तुम्हाला पटलेलं पचायला कायम दोन दिवस लागायचे.

दादा ड्युटीवरून आले तेव्हा त्यांनीच कोंडी फोडली. म्हणाले, कंट्रोलच्या हापिसात साहेब लोक गाड्या अशाच रेघांनी काढतात. एका बाजूला स्टेशनं, एका बाजूला वेळ. कुठली गाडी कुठं मागं पडणार, कुणाला कुठं बाजूला घ्यायचं, ते नुसतं रेघा बघून ठरतं. "तिथं आकडे मोडत कोण बसतंय? रेघ रेघेवर चढायला लागली की कळतं, हितं घोळ हाय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. दादांना वाटलं आपण त्यांच्या हुशारीवर खूश झालो.

मग तुम्ही क्वार्टरच्या पुढच्या अंगणात कोळशानं रेघा मारल्यात. मी झाले पॅसेंजर, तुम्ही एक्सप्रेस. मी दौंडातनं निघाले, तुम्ही दोन टाळ्या थांबून निघालात. टाळ्या तुमचे दादा वाजवत होते, तेही हसत हसत. शेजारच्या क्वार्टरमधली बाई कठड्यावरनं ओरडली, "काय ओ, नणंद-भावजय झिम्मा खेळताय का फुगडी?" मी म्हटलं, "गाड्या चालवतोय. चढायचं असंल तर तिकीट काढा." आणि तेवढ्यात मागून तुम्ही येऊन मला असा धक्का दिलात की मी कडेठाणवरनं थेट मोगऱ्याच्या कुंडीत. साडी काळी, हात काळे. तुम्ही मला उठवायचं सोडून खाली बसलात आणि दोन रेघा भेटल्या तिथं बोट ठेवून म्हणालात, "वहिनी, हे मला आज कळलं."

बीएस्सी झालेल्या बाईला! मला तर हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, कागदावर तुम्हाला ते कायम 'येत' होतं, पण पायाला आज कळलं. तुम्हीच म्हणाला होतात हे, वन्सं. विसरला असाल तर आठवण करून देते.

तुम्हाला जागेचं वेड लहानपणापासूनचंच. इनामगावच्या आपल्या घरी सासूबाई सांगायच्या, घोड नदीच्या काठी जुन्या वस्तीचं खोदकाम चालायचं तेव्हा ही पोरगी पाटीनं माती वाहायला म्हणून जायची आणि तिथंच बसून राहायची. त्या लोकांनी जमिनीवर चौकोन आखले होते. कुठल्या चौकोनात, किती खोल, हे लिहिल्याशिवाय खापराचा तुकडाही उचलू द्यायचे नाहीत. तुम्हाला त्या खापरांचं नवल नव्हतं. तुकडा जागेवरनं हलला की तो मुका होतो, याचं नवल होतं. मला हे तुम्ही स्वतः सांगितलंत, तेही कित्येक वर्षांनी, धुणं वाळत घालताना.

आता आप्पांच्या पोरीचं सांगते, कारण पुढं तिचं काम आहे. आप्पा म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. उसाचे शेतकरी, सोसायटीत वजन, गावात शब्द. त्यांची मधली पोरगी तुमच्या वर्गात होती. मी त्या दिवशी रंगाचा डबा घेऊन शाळेत आले होते, म्हणून डोळ्यांनी बघितलं. ती झाली होती डेमू. एक्सप्रेसला वाट द्यायला डेमूला केडगावात थांबवलं जातं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. तर ही बया केडगावच्या रेघेवर पोचली आणि दोन्ही पाय जोडून उभी राहिली. तुम्ही टाळी दिलीत. ती उभीच. पुन्हा टाळी. उभीच.

"अगं, सरक की पुढं."

"मॅडम, गाडी उभी हाय. मी कशाला चालू?"

सगळा वर्ग हसला. पण मला तर तिचंच खरं वाटलं. गाडी उभी, तर पोरीनं चालायचं कशाला? तुम्ही व्हरांड्यातनं खाली उतरलात, तिचा हात धरलात आणि तिला आडवं चालवलंत, एक चौकोन, दुसरा चौकोन, ना वर ना खाली. "गाडी उभी आहे. वेळ उभी आहे का? डब्यात बसलेली माणसं घड्याळ बघतायत ना? मग उभं राहायलासुद्धा चालावं लागतं, बाळा." पोरगी खाली आपल्या मागं उमटलेल्या आडव्या रेघेकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना, वन्सं, ते मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत बघितलेलं नाही. फळ्यावर आडवी रेघ मारून 'येथे वेग शून्य' असं किती मास्तर सांगतात. पण आपण थांबलेलो असतानाही रेघ वाढते, हे तिनं चालून बघितलं.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते मिटलं नाही, आणि मी ते तुमच्या फोटोपुढं मिटवून टाकणारही नाही.

तुमचं म्हणणं असं, की अंगण ही फक्त सुरुवात. पोरानं अंगणातनं कागदावर यावं, कागदावरनं समीकरणावर, आणि शेवटी डोळे मिटून नुसतं समीकरण वाचलं तरी रेघ डोक्यात उभी राहावी. "पाय सुटले पाहिजेत, वहिनी. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा जन्मभर ठेवतात का?" मी म्हणायची, डबा वेगळा आणि पाय वेगळे. डबा दुसऱ्याचा असतो. पाय आपले. डोक्यात जी रेघ उभी राहते ती कशावर उभी राहते? तिला खाली काही लागतं की नाही? तुम्ही म्हणायचात, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं." मी म्हणायची, "भिंत आहे म्हणून टेकता तरी येतंय." वर्षानुवर्षं हेच. चहा गार व्हायचा. दादा असेपर्यंत ते उठून बाहेर जायचे.

आणि मग दिवाळीनंतर तुम्ही आजारी पडलात. अजून दौंडच्या घरीच होतात, दवाखान्यात हलवलं नव्हतं. मुख्याध्यापक भेटायला आले. माणूस वाईट नाही, मी तसं म्हणणार नाही. कोब्याला केडगावपाशी तडा गेलाय, पावसात शेवाळ धरतं, पोरं घसरतात, सगळं खरं बोलले. मग त्यांनी मोबाइलवर दाखवलं, वर्गात मोठा डिजिटल फळा आलाय, बोट फिरवलं की आलेख निघतो, गाडी आपोआप पळते. "मॅडम, तुमचीच कल्पना, फक्त आता स्क्रीनवर." आणि अंगणात ब्लॉक टाकू का, असं विचारलं.

तुम्ही म्हणालात, "टाका."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. आजारी माणसाशी कुणी इतकं भांडत नाही. तुम्ही पांघरूण ओढून घेतलंत आणि म्हणालात, "रेघा झिजायच्याच, वहिनी. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. माझ्यामागं कोण रंगवणार ते दरवर्षी?"

"मी मेलेय का?"

तुम्ही हसलात. त्याचं उत्तर तुमच्याकडं राहिलंय.

त्यानंतरचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुण्याच्या दवाखान्यातली, शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तुमच्या रक्ताचे रिपोर्ट रोज यायचे, आणि डॉक्टरांनी सगळे मिळून एक रेघ काढून दिली होती, हिमोग्लोबिनची. मी म्हटलं, "रिपोर्ट आलाय. चष्मा देऊ?"

"नको. डोळ्यांपुढं अंधारी येते. हातावर काढ."

"काय काढू?"

"रेघ काढ गं. मनगटाकडून बोटांकडं वेळ. अंगठ्याकडं वर, करंगळीकडं खाली."

मी तुमचा हात मांडीवर घेतला. कागद एका हातात, आणि दुसऱ्या हाताचं बोट तुमच्या मनगटावर टेकवलं. आधी रेघ जवळजवळ सपाट. मग उतरायला लागली. तुम्ही डोळे मिटलेले.

"उतार एकसारखा आहे का? की पुढं पुढं कमी होतोय?"

"कमी नाही होत, वन्सं."

"वाढतोय?"

मी बोट पुन्हा मनगटावर नेलं आणि रेघ पहिल्यापासून काढली, होती तशी, रतीभरही मऊ न करता. तळव्याच्या मधोमध आल्यावर ती जी वळली ती करंगळीच्या कडेवरून खालीच गेली. तिथं तळहात संपत होता.

तुम्ही मूठ मिटलीत. म्हणालात, "कळलं." आणि थोड्या वेळानं, "तुझं बोट खरबरीत आहे, पण रेघ चांगली काढतेस."

वन्सं, मी तेव्हा रडले नाही, आता लिहिताना रडतेय, आणि रडता रडता मला तुमचा रागही येतोय. कारण बघा. जन्मभर मला सांगितलंत, शेवटी आलेख डोक्यात आला पाहिजे, हातपाय सुटले पाहिजेत. आणि स्वतःची शेवटची रेघ कुठं मागितलीत? आकडे मागितले नाहीत. मी वाचून दाखवले असते. तळहातावर मागितलीत. कातडीवर. म्हणजे भांडण मी जिंकले होते. आणि ज्या दिवशी जिंकले त्या दिवसापासून भांडायला तुम्ही नाही. असं जिंकणं घेऊन मी काय करू?

एक करू शकते. तुमचा 'टाका' हा शब्द मी मानत नाही. तो तुम्ही घरी म्हणालात, आणि हात पुढं केलात दवाखान्यात. नंतरचं खरं धरायचं असतं.

मागच्या आठवड्यात ब्लॉक आले. ट्रॅक्टरनं अंगणात ओतले. शिपायाचा फोन आला तशी मी डेमूत बसले आणि खुटबावला उतरून तडक शाळेत. अंगणाच्या कडेनं गवंडी ब्लॉक बसवत येत होता, खांबापर्यंत पोचला होता. मी व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, नेऊन बरोब्बर पाटस आणि कडेठाणच्या मध्ये ठेवली आणि बसले.

मुख्याध्यापक धावत आले. "काकू, अहो ऊन लागेल."

"लागू द्या."

"मॅडमनी स्वतः होकार दिला होता. तुम्ही होतात तिथं."

"व्हते. त्येंनी व्हय म्हटलं. मी न्हाई म्हणतीय."

"पण हे त्यांच्याच नावानं चाललंय ना!"

"नाव लावा की भिंतीवर. भिंत मोकळी हाय."

तेवढ्यात आप्पा आले, मोटारसायकलवर, डोक्याला उपरणं. त्यांना वाटलं काही अपघात झाला. सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीनं म्हणाले, "आक्का, आपुन असं करू. लाल ब्लॉक बी आलंत. मॅडमच्या रेघा जिथं हायेत तिथं लाल ब्लॉक बसवू. म्हंजी ग्राफबी ऱ्हाईल आन् ब्लॉकबी."

मला क्षणभर बरं वाटलं. मुख्याध्यापकांनाही. गवंड्यानं लगेच दहा-बारा लाल ब्लॉक आणून एक्सप्रेसच्या तिरक्या रेघेवर मांडले. मी खुर्चीतनं उठून बघितलं, आणि माझं डोकंच फिरलं. तिरकी रेघ ब्लॉकनं होईल कशी? एक ब्लॉक आडवा, मग एक वर, पुन्हा आडवा, पुन्हा वर. पायऱ्या झाल्या.

मी म्हटलं, "आप्पा, ही गाडी थांबती, मग एकदम उडी मारती, पुन्हा थांबती, पुन्हा उडी मारती. अशी गाडी असती का?"

आप्पा म्हणाले, "आमची डेमू हाय की तशीच."

गवंडी हसला, मुख्याध्यापक हसले, मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असतात आणि मग म्हणाला असतात, उडी मारायला एकही क्षण लागत नाही असं दिसतंय इथं, हे कसं चालेल? मी तेच म्हटलं, माझ्या भाषेत. मुख्याध्यापक म्हणाले, "काकू, एवढं बारीक कोण बघतंय?"

"पोरं बघत्यात. पायानं बघत्यात."

"मग ब्लॉकवर पिवळा रंग मारू का?" गवंडी म्हणाला. त्यावर मुख्याध्यापकच दचकले. "नव्या ब्लॉकवर रंग? सगळी शोभा जाईल." आणि तसंही, त्या ब्लॉकला स्वतःच्याच एवढ्या खाचा, की कुठली रेघ वेळेची आणि कुठली सिमेंटची, हे पोराला कळणार कसं?

मग मी आप्पांनाच धरलं. "आप्पा, तुमची मधली काय करती आता?"

"सासरी हाय, हडपसरला. कंपनीत जाती. का?"

"तिला इचारा, केडगावला उभी ऱ्हायली व्हती का."

आप्पांचा चेहरा बदलला. उपरणं काढून हातात घेतलं. "ते? ते तर आजून सांगती. पोराला शिकवताना परवाच सांगत व्हती, मी केडगावात उभी ऱ्हायले आन् मॅडमनी मला हाताला धरून चालवलं." ते खाली बघायला लागले. तडा गेलेल्या कोब्यावरनं आडवी जाणारी पिवळी रेघ शोधत होते, अर्धी पुसलेली. सापडली. चपलेनं त्यावरची माती बाजूला केली. पण आप्पा पडले अध्यक्ष. एवढ्यावर निकाल देतील तर ते आप्पा कसले? म्हणाले, "सोमवारी मीटिंग लावतो. तवर काम बंद. मीटिंगला तुमी या."

"येणार तर."

आज रविवार आहे. हे मी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. मीटिंगमध्ये काय होईल मला माहीत नाही. पाच माणसं असतील, त्यातल्या तिघांना ब्लॉक हवे आहेत. मी हरेनही. शेवाळाचं उत्तर माझ्याकडं आहे, तडा भरून घेता येतो, पण 'दरवर्षी रंगवणार कोण' हे ते विचारतीलच. तुम्हीही हेच विचारलं होतंत. त्याचं उत्तर तोंडानं देण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून सकाळच्या गाडीनं आले.

आपण रेघ मारायचो तेव्हा सुतळीचं एक टोक तुम्ही धरायचात आणि एक मी. सरळ रेघेला दोन माणसं लागतात, हे इतकी वर्षं कधी जाणवलं नव्हतं. आज दौंडच्या कोपऱ्यात सुतळी धरून उभी राहिले आणि पलीकडं बघितलं, तर यवतला कोणी नाही. शिपाई म्हणाला, "धरू का आक्का?" मी म्हटलं, "नको रे बाबा, तू तुझं झाडून घे." मग मी त्यांच्याच ढिगातला एक ब्लॉक उचलून नेला, खांबापाशी ठेवला आणि सुतळी त्याला करकचून बांधली. हलला नाही. चांगला जड आहे. ब्लॉक काही वाईट नसतो हो, वन्सं, कुठं ठेवायचा ते कळलं पाहिजे.

गुडघे दुखतात. एक्सप्रेसची रेघ झाली, स्टेशनांच्या रेघा झाल्या, डेमूची केडगावपर्यंत आली आहे. ऊन आहे, पण हवा दमट, रंग लवकर वाळणार नाही. ओल्या रंगावर उद्या कुणी ब्लॉक टाकायला धजणार नाही, आणि टाकायला आलेच तर त्यांना आधी माझ्या रेघेवर पाय द्यावा लागेल. तुमची आज्ञा मोडतेय, हे मला पुरतं माहीत आहे. रागवायचं तर रागवा. संध्याकाळपर्यंत रंगाचा हा हात वाळला, की मी त्यावर दुसरा मारणार आहे.